आधी खोड, मग ट्रे

पहाटे साडेपाच

आर्द्रा नक्षत्र लागलं आहे. रात्री पाऊस चांगला झाला, ढेकळं विरघळली. आमच्या पाचोड भागातली काळी जमीन पहिल्या दमदार पावसानंतर दोन-तीन दिवस कुणाला आत येऊ देत नाही, चपलेसकट पाय धरून ठेवते. माझं काम नेमकं याच दिवसांत निघतं, म्हणून माझे वाफे विहिरीजवळच्या मुरमाड तुकड्यावर आहेत. वीतभर उंचीचे गादीवाफे, त्यांत मुरूम, तळ्यातला गाळ आणि पुरतं कुजलेलं शेणखत. कितीही पडलं तरी पाणी तुंबत नाही.

पाचोड म्हटलं की लोकांना मोसंबीचा बाजार आठवतो. आंबे बहाराचा माल सुरू झाला की सोलापूर-धुळे हमरस्त्यावरच्या या गावात लिलावाला गर्दी होते आणि ट्रक भरभरून फळ बाहेर जातं. आमची बागही मोसंबीचीच. ती मालक बघतात. मी वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक आणि थोडी चिंच यांची खोडं वाढवते. बोन्साय करणारी माणसं ती घेऊन जातात आणि फांद्यांची रचना, उथळ ट्रे, शेवाळ हे पुढचं सगळं करतात. माझं काम त्याच्या आधीचं. रोपाचं खोड भरेपर्यंत त्याला जमिनीत राखायचं.

चहाच्या आधी एक फेरी होते. हातात शिंप्याची टेप. प्रत्येक खोडाचा घेर मातीपासून दोन बोटं वर, दरवेळी त्याच जागी मोजायचा आणि पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरून ठेवायचा. ज्याचा घेर मागच्या पावसाळ्यापासून हललेला नाही, त्याच्या मुळाशी काहीतरी बिघडलं आहे. ते रोप आज उकरून बघायचं.

याच फेरीत तारा तपासते. खोडाला वळण लावायचं ते रोप पेन्सिलीएवढं असताना, कारण जाड झाल्यावर ते ऐकत नाही. पण पावसाळ्यात साल इतक्या झपाट्याने फुगते की पंधरा दिवसांपूर्वी सैल वाटलेली ॲल्युमिनियमची तार रुतायला लागते. रुतलेली तार उलगडत बसू नये, साल सोलून निघते. वेढ्यावेढ्याला कटरने तोडून तुकडे काढावेत. आज चार-पाच नांद्रुकांच्या तारा अशा काढल्या.

सकाळी सात

वस्तीवरची मावशी आली आणि शाळेला सुट्टी म्हणून पुतण्याही आला. पहिलं काम वटपौर्णिमेच्या फांद्यांचं.

वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकायला आणतात. घरच्या घरी पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी त्या फांद्या उकिरड्यावर जातात. ज्या झाडाच्या आयुष्यासारखं आयुष्य मागायचं, त्याच झाडाच्या फांद्या तोडायच्या, हे मला पटत नाही. पूजा झाडापाशी जाऊनच करावी. पण तुटलेल्या फांद्या फेकू तरी का द्यायच्या? म्हणून दुसऱ्या दिवशी ओळखीच्या घरी सांगून ठेवते आणि अंगठ्याहून जाड असेल ती प्रत्येक फांदी गोळा करते. जोडीला शेतात वादळाने मोडलेल्या फांद्या असतात. त्या तर मनगटाएवढ्या मिळतात.

वड हा फांदीपासून जगतो आणि पावसाळ्यात जाड फांदीही मुळं धरते. बियांपासून आलेल्या रोपाला एवढी जाडी यायला वर्षं लागतात, इथे ती पहिल्या दिवसापासून हातात असते. दीड-दोन फुटांचे तुकडे करायचे, पानं देठ राखून कापायची, खालचा काप धारदार हत्याराने नीट करून बादलीत उभा ठेवायचा, म्हणजे चीक वाहून थांबतो. मग सावलीच्या वाफ्यात, जाड वाळू आणि मुरमात, एक तृतीयांश भाग मातीत जाईल असे गाडायचे आणि हलू नयेत म्हणून काठीला बांधायचे. मावशीचा हात यात माझ्याहून चांगला आहे. "ताई, हालू देऊ नका, हाललं की मूळ तुटतं," हे ती मलाच बजावते. तिचं खरं आहे. पहिली पांढरी मुळी इतकी नाजूक असते की वाऱ्याने तुकडा डुलला तरी ती मोडते.

साडेआठ

आजचं मोठं काम हे. एका वडाचा शेंडा उतरवायचा आहे. हे झाड जमिनीत चार पावसाळे वाढलं आहे. उंची माझ्या डोक्यावर गेली आणि बुडाशी घेर फूटभर झाला, म्हणजे जाडी जवळजवळ चार इंच. बोन्सायच्या जगात एक जुना ठोकताळा आहे, झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या सहापट असावी. या हिशेबाने हे झाड दोन फुटांचं शोभेल. एक फुटाचं झाड हवं असेल तर बुंधा दोन इंच तरी जाड पाहिजे. लोक बोटाएवढ्या खोडाचं रोप सुंदर ट्रेमध्ये बसवतात आणि ते झाडासारखं का दिसत नाही म्हणून विचारतात, त्याचं उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

त्या दोन फुटांतला पहिला टप्पा म्हणून खडूने आठ इंचांवर खूण केली, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकू, चार वर्षं वाढवलं ते तोडायलाच का?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून काम थांबवून त्याला एक काडी सोलून दाखवली. झाड जाड होतं ते सालीखालच्या एका ओल्या, पातळ, जिवंत थरामुळे. त्याला कॅम्बियम म्हणतात. हा थर आतल्या अंगाला लाकूड घालतो, बाहेरच्या अंगाला साल. त्यासाठी लागणारं अन्न पानं उन्हात तयार करतात आणि ते सालीतून खाली उतरतं. वरच्या वावरातलं पाणी खालच्या वावरात येतं, खालचं वर चढत नाही, तसंच हे आहे. एखादी फांदी आपल्या खालचं खोड भरते, वरचं नाही. म्हणजे उंची आपल्याला नकोच होती, उंचीवर लागलेली पानं हवी होती. त्या पानांनी चार वर्षं अन्न खाली पाठवलं, ते बुंध्यात जमा झालं. आता उंचीचं काम संपलं.

याच कारणाने जमिनीपासून चार बोटांवरची एखादी फांदी मी मुद्दाम मोकळी सोडते. तिला कात्री नाही, तार नाही. ती वाफ्याबाहेर जाते, बांधावर पसरते, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बेशिस्त वाटते. पण बुडाचा फुगवटा तिच्यामुळेच येतो. नर्सरी बघायला आलेले पाहुणे हटकून तिच्याकडे बोट दाखवतात आणि ही छाटायची राहिली का, असं विचारतात. ती खोडाच्या निम्म्या जाडीची व्हायच्या आत काढावी लागते, नाहीतर जखम भरून यायला फार वर्षं जातात. फांदी झाडाच्या मागच्या अंगाला निवडली असेल तर व्रणही समोरून दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काप. खुणेच्या दोन-तीन बोटं वर आरी चालवायची, कारण वड कापल्या जागेपासून थोडा खाली वाळत येतो. फुटवे कुठून निघतात ते कळल्यावर उरलेला खुंट तिरका कापून काढायचा. आरी आत शिरली तसा पांढरा चीक धारेने आला. त्यावर पाण्याचा फवारा मारत राहिलं की तो गोठतो. तो थांबल्यावर कापलेल्या तोंडाला बोर्डो मलम लावलं. पान एकही उरलेलं नाही, म्हणून आता पाणी बेतानेच द्यायचं. दोन-तीन आठवड्यांत खोडावर डोळे फुटतील. त्यांतला सर्वात वरचा, योग्य दिशेचा एक नवा शेंडा म्हणून राखायचा, एक खालचा मोकळ्या फांदीसाठी, आणि बाकीचे खुडायचे.

हा नवा शेंडा पुन्हा दोन-तीन वर्षं मनसोक्त पळू द्यायचा. त्याची जाडी खालच्या खोडाच्या जवळ आली की त्यालाही कापायचं, या वेळी पहिल्यापेक्षा आखूड तुकडा ठेवून. मग तिसरा. असं केलं की खोड बुडाशी रुंद, वर निमुळतं आणि प्रत्येक कापाशी किंचित वळलेलं होतं. आपल्या रस्त्याकडेच्या जुन्या वडांकडे नीट पाहा, त्यांची चणही अशीच असते. वीज, वारा, गुरं आणि माणसं यांनी त्यांचे शेंडे असेच अनेकदा मोडलेले असतात.

चीनच्या दक्षिणेला, ग्वांगझूकडच्या प्रदेशात, लिंगनान शाखेचे माळी हेच करत आले आहेत. वाढू द्यायचं, कापायचं, पुन्हा वाढू द्यायचं. तारेपेक्षा त्यांचा भर कात्रीवर. उष्ण, दमट हवेत झाड भराभर फुटतं, म्हणून ही रीत तिथे रुजली. मराठवाड्याच्या वडा-पिंपळाला ती जपानी पाइनच्या रीतीहून जास्त मानवते, असं माझं ठाम मत आहे. आपली झाडं वेगाने फुटणारी आहेत, त्यांच्यावर थंड देशातली सावध रीत का लादायची?

अकरा

ऊन निघालं. आता मुळांचं काम, सावलीत.

शेजारच्या शिवारातल्या एका जुन्या विहिरीतून काढलेला पिंपळ काल संध्याकाळी आला. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं आणि दगडी बांधकामाच्या फटीत पिंपळ उगवतो. तो तसाच राहिला तर कठडा फोडतो. पण पिंपळावर कुऱ्हाड चालवायला आमच्याकडे कुणी धजत नाही, उंबरावर तर नाहीच. त्यामुळे लोक मला निरोप देतात. छिन्नीने सांधा मोकळा करून झाड मुळासकट काढलं की त्यांची विहीर वाचते आणि मला वर्षानुवर्षं फटीत दबलेलं, चपटं, गाठाळ बूड मिळतं. असं खोड वाफ्यात तयार होत नाही. जंगलातलं झाड मात्र मी उचलत नाही, आणि कुणी आणून दिलं तरी घेत नाही.

मुळांचा नियम सोपा आहे. सोटमूळ कापायचं. ते ठेवलं तर झाड खोल जातं आणि आडवी मुळं दुबळी राहतात. मग वाफ्यात चार बोटं खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवायचा, त्यावर झाड बसवायचं आणि मुळं हाताने चहूबाजूंनी पसरून माती लोटायची. खाली जायला वाट नसल्याने मुळं आडवी धावतात आणि काही वर्षांत बुंध्याच्या पायथ्याशी जमीन पकडणारा पंजा तयार होतो. त्याच्याशिवाय जाड खोडही मातीत खोचलेल्या खुंटासारखं दिसतं. एकमेकांवर चढलेली मुळं आजच वेगळी करावी लागतात. पुढे ती एकमेकांत रुतल्यावर इलाज नसतो.

जमिनीत सोडलेल्या झाडाची एक अडचण असते. मुळं लांब पळतात आणि उपटायच्या वेळी बुंध्याजवळ बारीक मुळी उरत नाही. म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडाला बुंध्यापासून हातभर अंतरावर कुदळीने अर्ध्या वर्तुळात मुळं तोडायची, उरलेलं अर्धं पुढच्या वर्षी. तुटल्या जागेपासून मुळांचा झुबका निघतो. एका वर्षाची वाढ थोडी मंदावते, पण झाड ट्रेमध्ये जाताना जगण्याची खात्री वाढते.

दुपारी एक

भाकरी, पिठलं आणि ठेचा. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना माझं हे काम पटतही नाही आणि सोडवतही नाही. "देवाचं झाड असं डब्यात कोंबायचं म्हंजी पाप नव्हं का?" हे त्या दर पावसाळ्यात विचारतात. मी त्यांना त्यांच्याच बागेतलं सांगते. मोसंबीचे पाणसोट आपण काढतो, वाळलेली सल काढतो, बहार धरायला पाणी तोडून झाडाला ताण देतो. त्याला कुणी पाप म्हणत नाही, कारण झाड जगतं आणि फळतं. बोन्सायही उपाशी ठेवून होत नाही. उपाशी झाड मरतं. रोज पाणी, वेळेवर खत, काही वर्षांनी नवी माती आणि मुळांची छाटणी मिळाली, तर ते माणसाच्या कितीतरी पिढ्या बघतं.

हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे एक पांढरा पाइन होता, १६२५ पासून बोन्साय म्हणून जपलेला. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा तो स्फोटापासून तीनेक किलोमीटरवर, बागेच्या भिंतीआड होता आणि वाचला. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ठेवला गेला. हे झाड बॉम्बमधून वाचलेलं आहे, ही गोष्ट तिथल्या लोकांना कळली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू त्याला भेटायला आले तेव्हा. मी हे सांगितलं की आत्याबाई गप्प होतात. "झाडानं सांगितलं न्हाई," एवढंच म्हणतात.

त्यांच्या मनातलं दुसरं झाड मला माहीत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा पाण्यावाचून जळाल्या. टँकर विकत घेऊनही अनेकांची झाडं वाचली नाहीत. आत्याबाईंनी आणि मामंजींनी लावलेली झाडंही गेली. ती तोडून सरपण म्हणून दिली, त्या दिवशी त्या बागेकडे फिरकल्या नाहीत. पान पुन्हा येतं, फांदी पुन्हा येते. खोड गेलं की तेवढी वर्षं पुन्हा द्यावी लागतात. माझ्या वाफ्यातल्या प्रत्येक घेराकडे मी त्या हिशेबाने बघते.

साडेतीन

पुण्याहून फोन. एका बाईंना तीन इंच जाडीचा नांद्रुक हवा होता आणि तो या आठवड्यात ट्रेमध्ये बसवून हवा होता. "ताई, झाड आहे, पण ते अजून एक वर्ष जमिनीत राहू द्या," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं. सगळेच ऐकत नाहीत.

पुण्याचंच मला ऋण आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये बोन्साय कलाकार प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने तिथे आंतरराष्ट्रीय बोन्साय परिषद आणि प्रदर्शन भरलं होतं. बहिणीसोबत मी ते बघायला गेले. झाडं बघायला गेले होते, पण सगळा वेळ बुंधेच बघत राहिले. ट्रे दोन-तीन बोटं खोल आणि बुंधा मांडीएवढा. एवढं लाकूड एवढ्याशा मातीत तयार होणं शक्य नव्हतं, हे शेतात राहणाऱ्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. ते लाकूड जमिनीत तयार झालं होतं. लहान कुंडीत मुळं अडली की पानं लहान राहतात, पानं लहान राहिली की अन्न कमी आणि खोड थांबतं. ट्रेमध्ये झाड जपलं जातं, घडवलं जातं, ते तिथे भरत नाही. सहा इंची कुंडीतला वड वर्षानुवर्षं बोटाएवढा राहतो. तोच पाणी आणि खत मिळालेल्या जमिनीत तीन-चार वर्षांत मनगटाएवढा होतो.

बाजारात ‘जिनसेंग बोन्साय’ म्हणून फुगीर पायांचं झाड मिळतं. तो फुगवटा खोडाचा नसतो, उघडी केलेली मुळं असतात, आणि वर बहुतेकदा बारीक पानांच्या जातीचं कलम असतं. घर सजवायला ते घ्यावं. पण त्यावर वर्षानुवर्षं मेहनत करून त्याचं भारदस्त झाड होईल, अशी आशा कुणी दाखवत असेल तर पैसे देऊ नयेत.

साडेपाच

मालक बागेतून हाका मारत आले. मोसंबीच्या खोडांना बोर्डो मलम लावायचं उरलं होतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लॅस्टिकच्या भांड्यात, लोखंडी भांड्यात कधीच नाही. मग एकत्र करून जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ब्रशने लावायचं. पावसाळ्यात खोडाशी पाणी साचलं, कलमाचा सांधा मातीखाली गेला, की बुरशी चढते, साल कुजते आणि डिंक गळायला लागतो. डिंक्याने खोड गेलं तर वरची फळं बघून काही उपयोग नाही. मोसंबीवाल्याचं आणि माझं या बाबतीत एकच आहे, दोघांची भाकर बुंध्यावर. उरलेलं मलम मी माझ्या कापलेल्या झाडांसाठी घेऊन येते.

वाफ्यांना आज शेणाची पातळ स्लरी दिली. वाढीच्या दिवसांत हात राखायचा नाही. खत आणि पाणी भरपूर द्यायचं, पानं मोठी येऊ द्यायची. बोन्साय म्हणजे खत कमी, हा समज खोड वाढवताना घातक आहे.

रात्री साडेनऊ

या आठवड्यात रात्रीची लाईट आहे. थ्री-फेज आली की मालक मोटार चालू करायला जातात, मी ठिबकच्या नळ्या बघायला. पाऊस झाला असला तरी गादीवाफे लवकर सुकतात, म्हणून नव्या लावलेल्या फांद्यांना थोडं पाणी लागतंच.

हे वाचून कुणाला झाड करावंसं वाटलं तर एवढंच सांगणं आहे. घराच्या भिंतीत, गच्चीच्या कोपऱ्यात वड-पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते याच पावसात काढा. सोटमूळ कापा, फरशीच्या तुकड्यावर मुळं पसरा आणि अंगणात लावा. अंगण नसेल तर भोकं पाडलेल्या रुंद, उथळ क्रेटमध्ये लावा, तो ट्रेपेक्षा कितीतरी बरा. वळण पहिल्या वर्षी लावा. खालची एक फांदी मोकळी सोडा. पुढची तीन-चार वर्षं शेंड्याला कात्री लावू नका आणि त्या काळात ट्रे विकत घेऊ नका.